टायरात भरलेली काकवी

"पंक्चर? पंक्चर अडाण्यांच्या गाड्यांना होतं!" सोनईच्या भर चौकात, चहाच्या टपरीपुढं उभं राहून उत्तमरावांनी जाहीर केलं आणि नव्याकोऱ्या बॅटरीच्या सायकलवर टांग मारली.

हे झालं सोमवारी. मंगळवारी पुढचं चाक बसलं. बुधवारी मागचं बसलं. गुरुवारी दोन्ही एकदम बसली, आणि त्यांच्या शेजारी बांधावर उत्तमरावही बसले.

तसा माणूस साधासुधा नव्हे हं! हायस्कूलच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर होते. परीक्षानळ्या धुता धुता सगळं विज्ञान आपल्या बोटांतून आत शिरलं, असं त्यांचं ठाम मत. शिवाय ते बौद्धाचार्य. आसपासच्या दहा गावांत समाजातलं लग्न असलं की लावायला उत्तमराव. पांढराशुभ्र शर्ट, पांढरी पॅन्ट, खणखणीत आवाज. आणि पंचशीलातल्या पाचव्या शीलावर, म्हणजे दारू न पिण्याच्या वचनावर, वीस मिनिटांचं भाषण! ते ऐकताना नवरदेवाचे निम्मे मित्र चपला शोधायला लागायचे.

सायकल घेतली तीही अशाच तोऱ्यात. दुकानदारानं बजावलं होतं, "सर, सुरुवातीला वेग एकवर ठेवा." पण विज्ञानाच्या माणसानं एकवर का चालायचं? उत्तमरावांनी बटण थेट पाचवर नेलं, पायडलला नुसता पाय लावला, आणि सायकल जी सुटली ती शेजारच्या आक्काबाईंच्या उकिरड्यात जाऊनच थांबली.

"अहो, नातवंडं खेळवायच्या वयात हे काय?" कलाबाई, म्हणजे त्यांची बायको, शेणातून त्यांचा चष्मा काढत म्हणाली.

"चाचणी होती!" उत्तमराव म्हणाले.

चाचणी पार पडली, पण बाभळीचे काटे कुणाच्या बापाला ऐकतात! गुरुवारी सायकल ढकलत ते पंक्चरवाल्या प्रवीणकडं पोचले.

"सर, ही सायकल बॅटरीमुळं लई जड," प्रवीण म्हणाला. "हवा कमी ठेवून चालत न्हाई. रोज बघायची. टायरच्या आत रबरी पट्टी टाकू. अन् एक चिकट औषध येतं, ते ट्यूबमध्ये भरायचं. काटा घुसला की भोक आपोआप बुजतं."

"मग भर की!"

"संपलंय. नगरवरून सोमवारी येईल."

सोमवारी येऊन काय उपयोग? रविवारी तर लग्न होतं, आणि तेही सख्ख्या पुतणीचं! उत्तमरावांचा धाकटा भाऊ संदीप घोडेगावला राहायचा. त्याची प्रज्ञा सुप्याच्या ओमला दिली होती. दोघं तिथल्याच एका कारखान्यात कामाला. पोरांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांनीही मान डोलावली होती. हुंडा नाही, मानपान नाही. ओमच्या आईची, सत्यशीलाबाईंची, एकच अट होती. या बाईंनी गावातल्या बायका गोळा करून दारूचा गुत्ता उठवला होता, स्वतः काठी घेऊन! त्यांनी संदीपला तोंडावर सांगितलं होतं, "लग्नात एक जरी माणूस पिऊन आलेला दिसला, तर गाड्या वळवून आमी सुप्याला माघारी!"

"माझ्या हातून लग्न लागणार, वहिनी," उत्तमराव तेव्हा छातीवर हात ठेवून म्हणाले होते. "थेंब दिसणार नाही!"

तर असं हे लग्न, आणि चाकांत हवा नाही. उत्तमराव स्वयंपाकघरात विचार करत उभे होते. चिकट औषध... चिकट... समोर फळीवर डबा दिसला. कलाबाईच्या भावानं गुऱ्हाळावरून आणून दिलेली काकवी! घट्ट, तांबूस, बोटाला लागली तर तीन वेळा धुवावी लागेल अशी. जगात याहून चिकट काय असणार? आत वाळली की गूळ होणार, आणि गुळानं बुजलेलं भोक कोण उघडणार! उत्तमरावांना स्वतःचाच अभिमान वाटला.

काकवी घट्ट, म्हणून त्यात कोमट पाणी घातलं. वॉल्व्हची पिन काढली. म्हशीला औषध पाजायची मोठी पिचकारी आक्काबाईंकडून आणली आणि दोन्ही ट्यूबना काकवी पोटभर पाजली. वर हवा मारून सायकल पत्र्याखाली, एप्रिलच्या उन्हात उभी केली.

शुक्रवारी बघतात तर टायर कडक! शनिवारी आणखी कडक!

"कला, बाहेर ये! हवा आपोआप वाढतेय! पंप मारायचंच काम नाही!"

"टायरात हवा वाढायला काय तिथं बाळंतपण हाय?" कलाबाई म्हणाली. "अन् माझी काकवी कुठं गेली?"

"विज्ञानाच्या कामी आली."

रविवारी सकाळी कलाबाई शहाण्या माणसासारखी जीपनं पुढं गेली. उत्तमराव पांढऱ्या कपड्यांत, इस्त्रीची घडी न मोडता, सायकलवर निघाले. ऊन चढत होतं, टायर टणटण उडत होते. रस्त्यात एक काटा दिसला तर ते मुद्दाम त्याच्यावरून गेले. काही झालं नाही! आणखी एक दिसला, त्याच्यावरूनही गेले. हसू मावेना. घोडेगाव हाकेच्या अंतरावर आलं आणि उत्तमराव मोठ्यानं म्हणाले, "मानलं बुवा आपल्याला!"

धाडकन आवाज झाला!

मागची ट्यूब फुटली. ते काय झालं म्हणून मागं बघेपर्यंत पुढचीही फुटली. तांबडा फेसाळ फवारा पॅन्टीवर, शर्टावर, मिशीवर! उत्तमराव रस्त्याकडेच्या चारीत, सायकल त्यांच्या अंगावर, आणि आसमंतात असा वास सुटला की एक जाणारा ट्रॅक्टरवाला ब्रेक मारून विचारू लागला, "काका, कुठं मिळती?"

तेव्हा कुठं उत्तमरावांच्या डोक्यात उजेड पडला. पाणी घातलेली काकवी. तीन दिवस. कडक ऊन. अरे बापरे! ती हवा नव्हती, काकवी आंबली होती! आपण दोन चाकांवर हातभट्टी लावून लग्नाला निघालो होतो!

घरी जायला वेळ नव्हता. अकराला लग्न, आणि पावणेअकरा वाजलेले. पाय मुरगळलेला, म्हणून चाल डुलती. डोळ्यांत फवारा गेल्यामुळं डोळे लाल. अंगाला आंबूस, उग्र वास. अशा थाटात, बसलेली सायकल ढकलत, उत्तमराव मांडवात शिरले.

"जय भीम!" ते म्हणाले.

पहिली रांग एकदम मागं सरकली. दुसरी रांगही सरकली. सनईची कॅसेट तेवढी चालू राहिली.

सत्यशीलाबाई उठल्या. दोनदा हुंगलं. "संदीपभाऊ, ह्यो वास कसला?"

"वहिनी, ही काकवी आहे!" उत्तमराव घाईनं म्हणाले. "टायरात भरली होती!"

आता खरं सांगा, जगातला कुठलाही पिलेला माणूस यापेक्षा वेगळं काय बोलला असता?

"काकवी टायरात!" सत्यशीलाबाई कडाडल्या. "लग्न लावणाराच झिंगून आला! ओम, ऊठ! गाड्या काढा!"

संदीप मटकन खुर्चीवर बसला. प्रज्ञाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ओम "आई, आई" करत मागं धावला. आणि उत्तमरावांच्या हातातून सायकल सुटून पडली. आपल्या हुशारीपायी पोरीचा संसार मांडवातून माघारी चालला! दहा गावांत तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती, पण त्यांना त्या घडीला फक्त पोरीचं रडणं दिसत होतं.

"थांबा!" कोपऱ्यातून आवाज आला. मांडववाला कानिफनाथ शिडीवरून खाली उतरला. "ताई, मला जरा वास घेऊ द्या."

"तू कोण?"

"मी जाणकार हाय," कानिफनाथ मान खाली घालून म्हणाला. "गेल्या दिवाळीपर्यंत रोज पीत हुतो. आता सोडली. पण नाक तेच हाय."

कानिफनाथनं वैद्य नाडी बघतो तसा गंभीर चेहरा केला आणि उत्तमरावांना "आ करा" म्हणाला. तोंड हुंगलं. मग कॉलर हुंगली. मग वाकून पॅन्ट हुंगली. शेवटी सायकलच्या टायरला बोट लावून चाटलं आणि क्षणभर डोळे मिटले.

"ताई, सर पिलेले न्हाईत," त्यानं निकाल दिला. "पिलेल्या माणसाचा वास तोंडाला येतो. यांच्या तोंडाला नुसता चहाचा हाय. यांची पॅन्ट पिलीय!"

आधी कलाबाई फिस्सकन हसली. "अहो, माझा अख्खा डबा रिकामा केलाय यांनी! मी साक्षीला हाय!" मग प्रज्ञा रडता रडता हसली, आणि मग मांडव हसला. सत्यशीलाबाईंनी स्वतः टायर हुंगून खात्री केली, कपाळावर हात मारला आणि ओमला परत बसायला सांगितलं.

"लावा लग्न," त्या म्हणाल्या. "पण दहा फूट लांब उभं राहून. माईक घ्या!"

उत्तमरावांनी जनरेटरजवळून माईकवर लग्न लावलं. मुंगळे पॅन्टवर चढत होते, तरी पठ्ठ्या हलला नाही. पाचवं शील मात्र त्यांनी एका दमात उरकलं. वीस मिनिटांचं भाषण? छे! समोर पाचशे माणसं तोंडाला रुमाल लावून हलत होती.

जेवणं झाली. उत्तमराव सायकलपाशी एकटेच मुंगळे झाडत बसले होते. कानिफनाथ वायर गुंडाळत शेजारी आला.

"कानिफनाथ, तुझे उपकार फेडायचे नाहीत," उत्तमराव त्याचा हात धरून म्हणाले. "आज तू लग्न वाचवलंस. माग, काय पाहिजे ते माग."

कानिफनाथनं इकडं तिकडं बघितलं. आवाज खाली आणला.

"काय नको, सर. फक्त एक सांगा. काकवीत पाणी किती घातलं हुतं?"

प्रयोगशाळेतली तीस वर्षांची सवय! कुणी माप विचारलं की उत्तर आपोआप बाहेर पडायचं.

"एकास दोन," उत्तमराव उत्साहानं म्हणाले, "आणि तीन दिवस कडक ऊन!"

मागं बुंदीचं ताट घेऊन सत्यशीलाबाई उभ्या होत्या.