ज्याला समजलं त्यानं उठायचं

आमच्या चिंचवडगावात दामू गुरुजींची शिकवणी लावायची तर पोराला गणित येत नाही, हे आधी सिद्ध करावं लागे. हुशार पोरांना ते ओसरीवरूनच परत पाठवत. "याला येतंय. न्या घरी." आणि शिकायला बसलेल्याला एकदा का समजलं, की हातावर गुळाचा खडा ठेवून म्हणत, "सुटलास. ऊठ." दुसऱ्या दिवसापासून त्याची शिकवणी बंद.

धंद्याच्या दृष्टीनं हे आपल्याच पायावर धोंडा मारून घेणं होतं. त्यातून माणूस शिकवायचा इतकं छान, की ओसरी कधी भरायचीच नाही. गुरुजींच्या पत्नी, आमच्या काकू, आतून म्हणायच्या, "अहो, जरा वाईट शिकवा की."

शाळेतली कायमची नोकरी त्यांनी याच पायी सोडली होती. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "वर्ग अजून अपूर्णांकातच?"

"दोघांचं व्हायचंय."

"दोघांसाठी सगळ्यांनी थांबायचं?"

साहेबांचं काही चुकलं नव्हतं, आणि ते पटलं म्हणूनच गुरुजींनी राजीनामा दिला. "शाळेला पुढं जायचं असतं," ते मला म्हणाले, "मला मागच्यांजवळ बसायचंय."

काकू गेल्या त्या वर्षी ओसरीवर एकच विद्यार्थी उरला होता. पिंपरीचे युसुफभाई, सायकली दुरुस्त करणारे. नव्या कारखान्यात फिटर व्हायचं तर इंचांचे अपूर्णांक यायला हवेत, म्हणून चाळिशीत पाटी घेऊन बसलेले. अपूर्णांकांची बेरीज ते रोज चुकवत. गुरुजी रोज म्हणत, "कच्चं आहे. उद्या या," आणि चहा टाकत.

एकदा मी पंक्चर काढायला युसुफभाईंच्या दुकानात गेलो, तर हा गृहस्थ खडूनं फळीवर तसल्याच बेरजा धडाधड करतोय. कारखान्यातली नोकरीही पक्की झालेली. मी बघतच राहिलो.

"राव, मास्तरांना बोलू नका," ते म्हणाले. "बरोबर आलं तर उठवतील मला. मग संध्याकाळचं ते बोलणार कुणासंगं?"

मी कबूल केलं. पण दोन-चार दिवसांनी गुरुजीच म्हणाले, "युसुफला येतंय हं. केव्हापासून येतंय. ज्याला येत नाही त्याची चूक रोज वेगळी असते. याची रोज तीच."

"मग उठवत का नाही?"

गुरुजी बराच वेळ पाटी पुसत बसले. कोरडी झाली तरी पुसत होते.

"उठवायला हवं. पण ही गेल्यापासून ओसरीवर कुणी बसलेलं असलं, की बरं वाटतं रे."

मला त्यांच्याकडे बघवेना.

त्या संध्याकाळी युसुफभाई आले आणि नेहमीसारखी पाटी मांडीवर घेतली. गुरुजींनी ती हळूच काढून घेतली. युसुफभाईंचा चेहरा उतरला.

"उठू का, मास्तर?"

"गणित झालं तुमचं," गुरुजी म्हणाले. "आता नुसते बसा."