एकोणीस वेळा नाही

गॅरेजमध्ये जे होतं ते असं: गाडी एक. दारं चार, त्यातली तीन जागेवर आणि चौथं भिंतीला टेकलेलं. चाकं चार, पैकी दोनांत हवा. इंजिन एक, जागेवर. त्याचे नट अकरा, बिस्किटांच्या डब्यात. आरसा एक, वायपर एक. कोळी एक, हयात. आणि डॅशबोर्डवर प्लास्टिकची तीन काळी झाकणं, ज्यांच्यामागे काहीच नव्हतं.

"काहीच नाही!" भाची डॅशबोर्डखालून ओरडली. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते, आणि तेही आनंदाने हलत होते. "मामा, भोकसुद्धा नाही! नुसता अखंड पत्रा!"

मामाचा चेहरा उतरला. गेली सहा वर्षं तो ही गाडी दुरुस्त करत होता, म्हणजे दर रविवारी तिच्याशेजारी स्टुलावर बसून चहा पीत होता. आपल्या गाडीत काही नाही हे त्याला माहीत होतं, पण ते कुणी इतक्या मोठ्याने ओरडून सांगावं असं त्याला वाटत नव्हतं.

गाडी आजोबांनी घेतलेली. कंपनीचं सगळ्यात स्वस्त मॉडेल, ज्यातून काढता येण्यासारखं सगळं कंपनीनेच आधी काढून घेतलेलं होतं. उरलं होतं ते काढलं असतं तर गाडी म्हणता आलं नसतं, टपरी म्हणावं लागलं असतं! आजोबांनी त्यात पुढे तीस वर्षं एक खिळाही वाढवला नाही. "पोचते ना?" एवढंच ते विचारायचे. गाडी पोचायची.

भाची गेल्या वर्षी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. झाली आणि मामाकडे राहून नोकरी करू लागली. नोकरी प्रयोगशाळेत. दुकानांतले वजनकाटे खरं बोलतात की नाही हे तपासण्याची. घरात तिला 'मायक्रोमीटर' म्हणत. डाळीत पाणी किती घालू असं मामीने विचारलं, तर "कुठल्या तापमानाचं?" असं ती उलट विचारायची.

तर त्या रात्री जेवताना मामीने ताटात चमचा आपटला.

"पुढच्या सोमवारी भंगारवाल्याला बोलावणार आहे. मला गॅरेज हवं. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम मिळालंय, चार मशिनं ठेवायची कुठे? तुमच्या डोक्यावर?"

मामाने घास तसाच हातात धरला. तो भांडणारा माणूस नव्हता. तो फक्त हळूहळू लहान होत जायचा. आता तो खुर्चीत साधारण अर्धा उरला होता.

भाचीला ते बघवेना. "ती गाडी भंगार नाही!" ती ताडकन म्हणाली. "आणि हे मी नुसतं बोलत नाहीये. आठवड्याभरात सिद्ध करून दाखवते. आकड्यात!"

"अगं, तिला रेडिओ नाही, घड्याळ नाही. डावीकडे आरसासुद्धा नाही!"

"माहीत आहे. रविवारी पारखी बोलावते. जुन्या गाड्यांची किंमत ठरवणारा, बाहेरचा माणूस. भंगाराच्या दहापट किंमत निघाली तर गाडी राहील. नाही निघाली तर भंगारवाल्याला फोन मी स्वतः लावीन!"

मामीने तिच्याकडे बघितलं, मग अर्ध्या उरलेल्या मामाकडे बघितलं. "दहापट," ती म्हणाली. "नऊ पट आली तरी माझी मशिनं आत जाणार. ठरलं?"

"ठरलं!"

भाचीला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती. तिने दोन रात्री जागून जुनी माहितीपत्रकं वाचली होती. ते स्वस्त मॉडेल पूर्वी हजारोंनी खपलं; पण ज्याने ज्याने घेतलं त्याने पहिल्या महिन्यातच शेजाऱ्यांना लाजून त्यात रेडिओ बसवला, घड्याळ बसवलं, चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या. जशी कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी आता शोधूनही सापडत नव्हती. म्हणजे या गाडीत जे जे नव्हतं, तेच तिचं मोल होतं!

हे तिने घरात सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण प्रयोग पूर्ण होण्याआधी निष्कर्ष बोलायचा नाही, अशी तिची शिस्त. आधी सांगितलं की माणसं निष्कर्षाच्या बाजूने झुकतात आणि निरीक्षणं बिघडतात. म्हणून तिने फक्त निरीक्षणं लिहिली. सुबक तक्ता केला, स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला, आणि पाच दिवसांच्या प्रशिक्षणासाठी परगावी निघून गेली.

तक्त्यात एकोणीस ओळी होत्या. रेडिओ: नाही. घड्याळ: नाही. डावा आरसा: नाही. डिकीत दिवा: नाही. असं एकोणीस वेळा. प्रत्येक 'नाही'खाली लाल शाईची रेघ, कारण ते महत्त्वाचं होतं. शेवटचा रकाना 'गुण', तो कोरा. गुण पारखी देणार होता.

मामा त्या तक्त्यासमोर बराच वेळ उभा राहिला.

"एकोणीस विषयांत नापास," तो शेवटी म्हणाला.

"बिचारीने लाल शाईने लिहिलंय हो," मामी म्हणाली. "तोंडाने सांगवलं नसेल."

शेजारचे वायरमन काका साखर मागायला आले होते. तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेला माणूस. घरातली प्रत्येक तार स्वतःच्या हाताने दोनदा बदलून झालेली, आता तिसऱ्यांदा बदलायला बायको परवानगी देत नव्हती. त्यांनी तक्ता वाचला आणि त्यांचे डोळे चमकले.

"पाच दिवस आहेत," ते म्हणाले. "ड्रिल आणतो." साखर तिथेच राहिली.

मंगळवारी भाचीने फोन केला. "मामा, सगळं ठीक ना? तो आवाज कसला येतोय?"

"शेजारी काम करतायत," मामा म्हणाला. खोटं नव्हतं ते. शेजारी खरंच काम करत होते. मामाच्या गॅरेजमध्ये.

गुरुवारी फोन मामीने घेतला. "बोलायला वेळ नाही गं! पंधरा झाले, चार राहिलेत. शनिवारपर्यंत उरकायचेत."

भाचीला वाटलं, गणवेश. "मामी, जिवाला त्रास करून घेऊ नकोस."

"त्रास कसला? पैज हरायची तर सरळ हरेन. माझ्यामुळे एक गुण कमी पडला असं कुणी म्हणायला नको!"

हे वाक्य भाचीला जरा विचित्र वाटलं. पण तेवढ्यात तास सुरू झाला.

रविवारी सकाळी तिची बस उशिरा पोचली. ती बॅगेसकट गेटपाशी येते तो पारखी तिथे हजर! उंच, वाळका, कोटाच्या खिशात पत्रा तपासायचं लोहचुंबक. हा माणूस किंमत करताना भुवईसुद्धा हलवत नाही अशी त्याची ख्याती होती. पण आज तो लग्नाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा घामेजला होता.

"एकोणीस?" त्याने कुजबुजत विचारलं. "फोनवर एकोणीस म्हणालात. एकही भोक नाही?"

"एकही नाही."

"तीन तास गाडी चालवत आलोय मी. रात्रभर झोप नाही." त्याने रुमालाने कपाळ टिपलं. "तुमचा तक्ता खरा असेल तर भंगाराच्या चाळीसपट लिहून देतो. आत्ता, इथे."

चाळीसपट! भाचीने मनातल्या मनात मामीची चारही मशिनं उचलून परत घरात ठेवली.

गॅरेजसमोर तिघं ओळीने उभी होती. मामा आज पूर्ण मापाचा होता, किंबहुना थोडा जास्तच. मामीच्या खांद्यावर कापड मोजायची फीत. वायरमन काका हातात रेडिओचा रिमोट घेऊन.

"या या!" मामाने शटर वर ढकललं. "मायक्रोमीटर, बघ! एकोणीसच्या एकोणीस!"

गाडी चकाकत होती. चारही दारं जागेवर, चारही चाकांत हवा, चाकांवर चंदेरी टोप्या. दोन्ही कडांनी रुपेरी पट्ट्या धावत होत्या. डावीकडे ट्रकचा असावा इतका मोठा आरसा. आत डॅशबोर्डवर, त्या तीन काळ्या झाकणांच्या जागी, एक रेडिओ, एक घड्याळ आणि एक पंखा. घड्याळ घरातल्या जुन्या ओव्हनचं होतं. त्यावर 'वितळवा' असंही लिहिलेलं होतं.

भाचीच्या हातातून बॅग पडली.

"बोल की काहीतरी!" मामी म्हणाली.

पारखी पुढे झाला. त्याने दार उघडलं. हॉर्न वाजला.

"ती एवढी एक तार उलटी लागलीय," वायरमन काका म्हणाले. "बाकी सगळं चोख."

पारखीने आत बसून ब्रेक दाबला. रेडिओ पूर्ण आवाजात सुरू झाला आणि एक बाई शेअर बाजाराचे भाव सांगू लागली. त्याने पाय काढला. बाई गप्प झाली. त्याने पुन्हा दाबला. बाई पुन्हा बोलू लागली. मग तो खाली वाकला, डॅशबोर्डमागून बोट फिरवलं आणि मोजलं.

"भोकं चौदा," तो म्हणाला. त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटत होता.

"सोळा," काकांनी अभिमानाने दुरुस्ती केली. "दोन छतात आहेत."

"बुजवता येतील!" भाचीला एकदम कंठ फुटला. "वेल्डिंग करून, घासून, त्याच रंगाने—"

"भोक बुजवता येतं हो," पारखी म्हणाला. "भोक कधी नव्हतंच, हे परत आणता येत नाही." मग त्याच्या डोळ्यांत शेवटची आशा आली. "सीटचं कापड? करड्या रंगाचं मूळ कापड, ते तरी खाली शाबूत आहे ना?"

"ते जुनाट?" मामी म्हणाली. "ते फाडून कालच फरशी पुसली."

पारखीने डोळे मिटले. जरा वेळाने ते उघडून त्याने कागद काढला आणि लिहिलं. भाचीने खांद्यावरून वाचलं: भंगाराइतकी. एकपट.

शेवटी तिने ते सगळं सांगितलं. तक्ता, लाल रेघा, निष्कर्ष, शिस्त, चाळीसपट. सांगताना तिचे कान तापले. ते किती तापले हे मोजायला तिच्याकडे साधन नव्हतं.

"म्हणजे नाही तेच चांगलं होतं?" मामा हळूच म्हणाला. तो पुन्हा लहान होऊ लागला.

"चूक माझी आहे, मामा. मी तोंडाने सांगायला हवं होतं." तिने खिशातून फोन काढला. बोललेलं पाळायची तिला सवय होती. "भंगारवाल्याचा नंबर दे, मामी."

मामी नंबर शोधू लागली. पारखी मात्र निघता निघता सहज बोलून गेला, "आणि एक. वजन करण्याआधी ती सीटची कव्हरं काढून फेका. कापडाला भंगारात भाव नाही."

"काय करा?"

"फेका."

मरून मखमल, दुहेरी शिलाई, कडेला दोरीचा गोट, पाठीमागे वर्तमानपत्र ठेवायला खिसा. चार रात्रींचं काम! मामीने खांद्यावरची फीत काढली, गाडीचं पुढचं दार उघडलं, हॉर्न वाजला, तिकडे तिने लक्षसुद्धा दिलं नाही, आणि ती आपल्या मखमलीवर जाऊन बसली. हाताची घडी घालून.

"ही गाडी कुठेही जाणार नाही," ती म्हणाली.

"अगं, पण एकपटच—" मामा म्हणाला.

"एकपट त्याच्या कागदावर! माझ्या शिलाईची किंमत हा ठरवणार? चुंबक चिकटवून बघणारा माणूस!"

"मामी, पैज तू जिंकलीस," भाची म्हणाली. "गॅरेज तुझं आहे."

"माझं आहे ना? मग त्यात काय ठेवायचं ते मी ठरवीन. दोन मशिनं या बाजूला, दोन त्या बाजूला. मध्ये गाडी. मागच्या सीटवर तयार गणवेश."

"वहिनी," पारखी समजुतीने म्हणाला, "ही नुसती अर्धवट दुरुस्त केलेली गाडी आहे. अशा गाड्या चालत नाहीत, त्या पडून राहतात. मी शेकडो पाहिल्यात."

"कोण म्हणतं चालत नाही?" मामीने खिडकीतून बाहेर डोकं काढलं. "अहो! चावी आणा!"

"अगं, सहा वर्षांत एकदाही—"

"चावी!"

मामाने चावी आणली. तो स्टिअरिंगवर बसला, आणि बसता बसता पुन्हा पूर्ण मापाचा झाला.

"नट सगळे बसवलेस ना?" भाचीने विचारलं.

"नऊ बसवले. दोन उरले."

"उरले कसे?"

"जागाच नव्हती त्यांना!"

त्याने चावी फिरवली. इंजिन खोकलं. दुसऱ्यांदा फिरवली. पंखा सुरू झाला. तिसऱ्यांदा गाडीने असा काही आवाज केला की काकांच्या हातातला रिमोट उडाला, आणि ती पुढे निघाली! निळा धूर, मरून मखमल, ट्रकचा आरसा, हाताची घडी घातलेली मामी. पारखी उडी मारून बाजूला झाला. मामा ओरडत होता, हसत होता, आणि मग त्याने ब्रेक दाबला असावा, कारण ती बाई पुन्हा बाजारभाव सांगू लागली.

धूर विरल्यावर भाचीने मामीकडून फीत मागून घेतली आणि गॅरेजच्या उंबऱ्यापासून मागच्या चाकापर्यंत दोनदा मोजलं.

अकरा मीटर साठ सेंटिमीटर. त्यातले नऊ मीटर उतार.