बोलकं कुलूप आणि सासूबाईंचा मोतीबिंदू

एक गोष्ट मी छाती ठोकून सांगतो. इंटरनेटवरच्या भन्नाट वस्तू माझ्याइतक्या पारखून घेणारा माणूस अख्ख्या नाशकात दुसरा नाही! लोक मोबाईलवर नाचाचे व्हिडिओ बघतात, मी 'जगातल्या दहा अजब वस्तू' बघतो. पोट सुटलं की शिट्टी वाजवणारा पट्टा माझ्याकडे आहे. तो साहेबांच्या मीटिंगमध्ये वाजला, तेव्हापासून कपाटात असतो. पावावर आपला चेहरा भाजून देणारा टोस्टरही आहे. "सकाळी सकाळी तुम्हाला चावायची माझी इच्छा नाही," असं म्हणून सायलीने, म्हणजे माझ्या बायकोने, तो माळ्यावर टाकला.

पण गेल्या महिन्यात जे सापडलं त्याला तोड नव्हती. मराठी समजणारं कुलूप! किल्ली नाही, आकडे नाहीत, बोटाचा ठसा नाही. बाहेरून 'येतो' म्हटलं की दार उघडणार, आतून 'जातो' म्हटलं की उघडणार. बाहेरून फक्त घरच्यांचा आवाज चालतो, आतून कोणाचाही. बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात ते बोलतंसुद्धा!

आता घोळ तुमच्या लक्षात आलाच असेल. माझ्या नाही आला! घरातून निघताना मराठी माणूस कधी 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो! मी आपला आठवडाभर रुबाबात "जातो!" म्हणून ऑफिसला निघत होतो. सायली दातओठ खात "जाते" म्हणायची आणि जिन्यात तीनदा "येते, येते, येते" पुटपुटायची.

अशात माझ्या सासूबाई, चतुराबाई, नांदगावहून आल्या. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी! दोन वर्षं त्या चुकवत होत्या. कधी कांदा काढायचा होता, कधी गाय व्यायची होती. खरं कारण एकच, भीती. पोथीतली अक्षरं दिसेनात म्हणून त्या रडायच्या, पण दवाखान्याचं नाव काढलं की गप्प! शेवटी सायलीने हातापाया पडून त्यांना तयार केलं. मंगळवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. ही वेळ हुकली तर आई नांदगावची गाडी धरणार आणि पुन्हा दवाखान्याचं तोंड बघणार नाहीत, हे आम्हाला स्वच्छ दिसत होतं.

मंगळवारी दहा वाजता आम्ही तिघं दारात उभे राहिलो. आईंनी देवाला नमस्कार केला, पदर सावरला आणि म्हणाल्या, "चला. येते रे देवा!"

कुलूप गोड आवाजात म्हणालं, "आपलं स्वागत आहे! आत या." आणि खाट्कन आणखी एक खिटी बसली.

"कोण बाई हाय ती?" आईंनी विचारलं.

"आई, ते कुलूप आहे. त्याला फक्त 'जा'ला 'ते' जोडून म्हणा, उघडेल."

आईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मोतीबिंदू असूनही नजर आरपार गेली.

"दवाखान्यात निघालेल्या बाईनं असलं अशुभ बोलायचं? जावईबापू, डोक्यावर पडले का तुम्ही?"

"बरं, तुम्ही नका म्हणू. मी म्हणतो. जा..."

पुढचं अक्षर तोंडातच राहिलं. आईंचा पंजा माझ्या तोंडावर! "माझ्या म्होरं कुणीच नाय काढायचा तो शब्द!"

सव्वादहा. मी सायलीला डोळ्याने खुणावलं. ती आईंना पाणी द्यायला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी कुलपाला ओठ लावून कुजबुजलो, "जातो."

"आवाज स्पष्ट नाही!" कुलूप खच्चून ओरडलं. "कृपया मोठ्याने बोला!"

आई पाण्याचा पेला घेऊन धावत बाहेर. "म्हणत व्हते ना? म्हणत व्हते ना तुम्ही?"

"नाही हो आई, मी आपलं... धूळ पुसत होतो!"

साडेदहा. समोरच्या नवसाबाईंना फोन लावला. त्या बाहेर येऊन आमच्या दाराशी उभ्या राहिल्या. फोनचा स्पीकर त्यांनी कुलपाला लावला आणि मी बाल्कनीतून फोनवर "येतो! येतो!" असा टाहो फोडला. खालून जाणारा भंगारवाला मान वर करून म्हणाला, "या की भाऊ, लिफ्टनं या! उडी नका मारू!"

कुलूप म्हणालं, "फोनवरचा आवाज चालणार नाही. आपण कोण?"

"मी नवसाबाई!" नवसाबाई बाहेरून ओरडल्या. "समोरची! तुमच्याकडं विरजण मागायला येते ती!"

"आपली ओळख पटली नाही."

"दहा वर्षं झाली बाई मला इथं!" नवसाबाईंना चांगलाच राग आला आणि त्या कुलपाशी भांडायलाच लागल्या.

इकडे आई दाराजवळच्या खुर्चीत मटकन बसल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, "सायले, देवाच्याच मनात नाय गं. दारच उघडंना, आता डोळा काय उघडायचा?"

सायली रडवेली झाली. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली. पट्ट्याने शिट्टी मारली ते हसण्यावारी गेलं, पण एका म्हातारीची नजर माझ्या हौसेपायी जायची वेळ आली होती. अकराला पंधरा मिनिटं कमी होती. डोकं गरगर फिरत होतं, अगदी दळण टाकल्यासारखं. दळण! मी ताडकन उडालो.

"आई, लहानपणी तुम्ही पीठ कशावर दळायचात?"

सायलीला वाटलं मी कामातून गेलो. आईंनी नाक पुसलं. "हे काय आता मधीच? गिरणी कुठं व्हती तवा? जातं व्हतं."

"काय होतं? नीट ऐकू नाही आलं!"

"जातं!"

"कसलं?"

"अवो जातं! दगडाचं जातं! बहिरे झाले का?"

खाट्! खाट्! दोन्ही खिट्या सरकल्या. "आपला प्रवास सुखाचा होवो!" कुलूप म्हणालं आणि दार उघडलं. नवसाबाई तोल जाऊन थेट आमच्या चपलांच्या रॅकवर!

आई चकित. "हे कसं उघडलं?"

"आई, तुमच्या जात्याला घाबरलं!"

आई खुदकन हसल्या. "घाबरणारच! दोन बायांना उचलायचं नाय असलं जातं व्हतं आमचं!" आणि हसत हसतच रिक्षात बसल्या. द्वारकेचा चौक त्या दिवशी कधी नव्हे तो मोकळा मिळाला. अकराला पाच कमी असताना आम्ही दवाखान्यात! ऑपरेशन झकास झालं. मी बाहेरच्या बाकावर बसून सायलीला दहा वेळा सांगितलं, "बघितलंस? डोकं कोणी चालवलं?"

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. घरी आल्यावर आई लहान मुलीसारख्या दिसेल ते वाचत सुटल्या. कॅलेंडर, मसाल्याचं पाकीट, औषधाची बाटली! सायलीच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. मग आई आतल्या बाजूने त्या कुलपाशी जाऊन वाकल्या.

"जावईबापू, इथं खाली बारीक बारीक काय लिवलंय हो?"

"काही नाही आई, कंपनीचं नाव असेल."

आईंनी नवा डोळा जवळ नेला आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. "आतून... दार... उघडण्यासाठी... हे... बटण... दाबा."

बोटाने दाबलंही! दार निमूटपणे उघडलं.

सायलीने त्याच दवाखान्यात पुन्हा फोन लावला. पुढच्या मंगळवारी अकराची वेळ मिळाली आहे. माझ्या नावाने!