गिरणीच्या वरचा सूर

वीज कशी वागते ते मला पुरतं कळतं. चिखलीच्या आयटीआयमध्ये दोन वर्षं काढली आहेत, बोटांवर सोल्डरिंगचे तीन डाग आहेत. म्हणून सासूबाईंना मी ठासून सांगितलं, "आत्याबाई, एकादशीला तुमचं भजन गिरणीच्या वर ऐकू येईल. अँप्लिफायर मी बनवते."

आमच्या देवळाला लागूनच पिठाची गिरणी. मागच्या एकादशीला सासूबाईंनी, म्हणजे कौशल्याबाईंनी, आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं अभंग म्हटला आणि तो ज्वारीबरोबर दळला गेला. बायका मधूनच उठून गेल्या. घरी येऊन सासूबाई जेवल्या नाहीत.

माझी आठ महिन्यांची मयुरी झोपली की मी कामाला बसायची. तिच्या एका डुलकीत दोन जोड. जागी झाली की आधी ती, मग तारा. असा अँप्लिफायर आठवड्यात उभा राहिला. अडलं ते इथे: त्याला लागणारी बारा व्होल्टची वीज आणायची कुठून?

जुन्या टेपरेकॉर्डरचा ट्रान्सफॉर्मर लावला, तर स्पीकरमधून नुसती घरघर.

"एक गिरनी कमी होती," सासूबाई म्हणाल्या, "तं तू दुसरी घरात आनली."

मग टीव्हीच्या डब्याचं अडॅप्टर. व्होल्ट बरोबर बारा, पण अंगात दम नाही. सासूबाई हळू गायल्या की चालू, वरच्या सुरात गेल्या की गप्प.

"याले माह्या आवाजाचा भेव वाटते काय वं?"

एकादशीच्या दुपारी गोठ्यात खुंटीवर सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा, फवारणीचा पंप दिसला. पाठीवर घ्यायचा, आत बारा व्होल्टची बॅटरी. बॅटरीला दमही असतो आणि घरघर तर तिला ठाऊकच नाही! मामाजी सोयाबीन उद्या फवारणार होते. मयुरीला कडेवर घेऊन सासूबाई दाराशी पहाऱ्याला उभ्या राहिल्या, मी चार स्क्रू काढले.

संध्याकाळी माइकपुढे सासूबाईंचा पहिलाच सूर असा निघाला, की गिरणीवाला गोकुळ गिरणी बंद करून बाहेर आला. मी त्याला हातानंच खुणावलं, चालू कर. मला तिलाच हरवायचं होतं. हरवलं. पलीकडच्या आळीतल्या बायका येऊन बसल्या.

अभंग संपला. शेजारच्या कोकिळाबाईंनी विचारलं, "कायवर चालते वं हे?"

सासूबाईंनी तोंडावर पदर घेतला, आवाज अगदी बारीक केला. घरघर असती तर त्यात बुडाला असता.

"कोनाले सांगू नोको. बुढ्याच्या पंपाची बॅटरी हाय. थो उद्या फवारनार. तवरक लावून देऊ."

हे दोन्ही आळ्यांनी ऐकलं आणि बायका हसत सुटल्या. देवळाच्या दारात उकंडराव, म्हणजे मामाजी, उभे होते. पाठीवर रिकामा पंप. आभाळ उघडलं म्हणून ते आजच शेतात गेले होते आणि बटण दाबून दाबून परत आले होते.

बायका हसायच्या थांबल्या. सासूबाईंचा दुसरा अभंग राहिला होता. मी तारा काढायला उठले.

"राहू दे," मामाजी पायरीवर बसले. पंप पाठीवरच. "दुसरा म्हन. पयला म्या विहिरीवरून ऐकला."

दुसरा अभंग सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहूनच म्हटला. एकही बाई उठली नाही.

भजन संपल्यावर मी म्हटलं, "मामाजी, नवी बॅटरी घेऊ."

"घेऊ. नवी पंपाले. जुनी तुह्या आत्याबाईले. जुन्याशी तिचं बराबर जमते."

हे मात्र त्यांनी माइक बंद आहे ना, ते दोनदा बघून सांगितलं.