दुसऱ्या नंबरचा गायक

अक्षय आणि समिधाचं आपसात कधीच जमलं होतं. आता फक्त कळंबला जाऊन तिच्या वडिलांचा, नामाशेठचा होकार मिळवायचा होता. आदल्या दिवशी समिधानं फोनवर बजावलं, "बाबा पावण्यांना एकच गाणं येगयेगळ्या गायकांच्या आवाजात ऐकवतात नि नंबर द्यायला लावतात. त्यातलं एक त्यांनी सोता गायलंय. मागच्या पावण्यानं ते नापास केलं, तर त्याला चहासुद्धा मिळाला नाय. बाबांचं तिसरं हाय. तिसरं!"

कुंभिवलीच्या कारखान्यात दिवसभर मशीनच्या खडखडाटात उभ्या राहणाऱ्या अक्षयला सूर कळत नव्हते, पण तीनपर्यंत मोजता येत होतं. त्यानं सोबत येणाऱ्या पारूआत्यालाही सांगून ठेवलं, "तिसऱ्याला चांगलं म्हण. बाकीच्यांना कायपण बोल."

पोहे झाल्यावर नामाशेठनं स्पीकर आणला. "बुडालेल्या नावाड्याचं गाणं हाय. मूळ गाणं सगळ्यांना पाठ हाय, ते सोडून देतो. बाकीची ऐका."

स्वयंपाकघराच्या दारात समिधानं कपाळावर हात मारला. अक्षयचं तिकडे लक्ष नव्हतं. तो बोटं मोजत होता.

पहिल्या गाण्यात एक मुलगी गिटारवर झोपेत असल्यासारखी गायली. दुसऱ्यात एका पुरुषाचा आवाज वरच्या सुराला असा फाटला की ओटीवरचं मांजर उठून गेलं. तिसरं सुरू होताच अक्षयनं डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली.

"तिसरा म्हणजे तिसरा, काका! अंगावर काटा आला!"

"नायतर तो दुसरा," पारूआत्याला जोर चढला. "नावाडी बुडाला, सुटला बिचारा! त्या माणसाच्या घरात माणसं राहतात तरी कशी?"

"राहतो आमी," आतून समिधाच्या आईचा, अंबूबाईचा आवाज आला.

मूळ गाणं वगळल्यावर तिसऱ्याचं दुसरं झालं होतं, हे अक्षयला आता उमगलं.

"तिसरा कोण, माहीत हाय?" नामाशेठनं स्पीकर बंद करत विचारलं. "लडकू. माझा चुलतभाऊ. दर गणपतीत माझ्या हातातला माईक ओढून घेतो तो."

"पण दुसऱ्यात दर्द व्हता, काका," अक्षय चाचरत म्हणाला.

"व्हता तर," अंबूबाई चहा घेऊन बाहेर येत म्हणाल्या. "ऐकणाऱ्याला."

समिधा तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. अक्षयनं चपला कुठे काढल्यात ते नजरेनं शोधायला सुरुवात केली. नामाशेठ उठले, त्यांनी दार लावून घेतलं आणि हळूच विचारलं, "हे लडकूला सांगशील का रं?"

"नाय काका. आईशपथ!"

"शपथेवर काय भरोसा? बाहेरचा माणूस बाहेर बोलणारच." मग नामाशेठनं बायकोला हाक मारली. "अगं, साखर आण. याला घरातलाच करून टाकू."

पारूआत्यानं घाईघाईनं स्वतःच्या तोंडात साखर घातली आणि मुहूर्ताचं विचारलं.

"याच महिन्यात," नामाशेठ म्हणाले. "नि तवर पोरानं लडकूच्या आळीला फिरकायचं नाय."