आधी हार की आधी किल्ली

दोष टिकारामचा. दुसरा कोणी शोधायला जाऊ नका. कवडूचा बाप म्हणून त्याला सूट द्या असं कोणी म्हटलंच, तर त्याला सांगा, की बाप झाल्यानं अक्कल येत असती तर भंडारा जिल्ह्यात एवढे मूर्ख म्हातारे शिल्लक राहिले नसते.

हा टिकाराम जन्मात एकदा कोर्टात साक्ष द्यायला गेला होता. साक्ष झालीच नाही (वकिलाला हगवण लागली), पण दिवसभर बाकावर बसून यानं एक शब्द घरी आणला. अट. जर अमुक झालं, तर तमुक; नाही झालं, तर सगळं रद्द. तेव्हापासून हा माणूस शेजाऱ्याला बैलजोडी एक दिवस द्यायची तरी कागद करायचा. बैल आजारी पडल्यास काय, बैलानं शेजाऱ्याला शिंग मारल्यास काय, सगळं लिहून.

कवडूनं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं आणि भंडाऱ्याच्या एका मिस्त्रीच्या हाताखाली ट्रकचे हॉर्न आणि डायनामो दुरुस्त करायला शिकला होता. हाताला गुण होता. त्याला दोनच गोष्टी पाहिजे होत्या. लाखनीला हायवेवर दुकानासाठी एक खोली, आणि करडीच्या देवाजीची सत्यवती. मुलगी त्यानं एकदाच पाहिली होती, साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी, आणि घरी येऊन तीन दिवस उलटा सदरा घालून फिरत होता.

तिथंच टिकारामचा हात शिवशिवला.

देवाजी म्हणाला, पोराचा धंदा बसू द्या, मग पोरगी देतो. साधी गोष्ट होती. तोंडी राहिली असती. पण टिकारामनं स्टांप पेपर काढला आणि लिहून दिलं: अक्षय तृतीयेपर्यंत मुलाच्या ताब्यात दुकान असल्यासच लग्न लागेल, नसल्यास सोयरीक रद्द. पुढच्या आठवड्यात लाखनीचे भैय्याजी, खोलीचे मालक, म्हणाले, मागं घरात सुना आहेत, सडाफटिंग पोराला मी खोली देत नसतो. टिकारामनं तिथंही सही ठोकली: मुलाचं लग्न झाल्यावरच दुकानाचा ताबा मिळेल, अक्षय तृतीयेनंतर मालकावर बंधन नाही.

दोन्ही कागद यानंच लिहिले. दोन्हींवर सही याची. दोन्ही एकाच ट्रंकेत, एकावर एक.

कवडूनं ते मार्च महिन्यात वाचले. दोनदा वाचले. मग ओसरीवर विडी ओढत बसलेल्या बापासमोर धरले.

"बाबा, दुकान असन तर लग्न. लग्न होईन तर दुकान. मंग पहिले काय होईन?"

टिकाराम म्हणाला, "दोन्ही होईन."

"कसं होईन?"

"तू कॉलेज अर्ध्यातून सोडलं. तुले कागद समजत नाही."

हे उत्तर कवडूला पुढं दीड महिना मिळत राहिलं. देवाजीकडं सायकल मारत गेला तर देवाजी म्हणाला, जवाई, सही केली म्हनजे केली, आता अक्षरही बदलनार नाही. भैय्याजींकडं गेला तर त्यांनी आधी चहा पाजला आणि मग तेच म्हटलं. अट खोडली म्हणजे आपली मान खाली गेली, अशी या तिघांची समजूत. पोराचं आयुष्य अडलं तरी चालेल, पण अक्षर हलायला नको. (ही माणसं गावात शहाणी म्हणून पुढं बसतात. यांनाच पंचायतीत बोलावतात.)

शेवटी ठरलं, की अक्षय तृतीयेलाच करडीला लग्न लावायचं आणि भैय्याजींनी किल्ली घेऊन मांडवात यायचं. म्हणजे बाकीचं जागेवर पाहू. म्हाताऱ्यांच्या सगळ्या योजना शेवटी इथंच येतात.

दुपारचा मुहूर्त. अंतरपाट धरला. भटजींनी घसा साफ केला आणि देवाजी उभा झाला.

"पहिले किल्ली पोराच्या हातात दिसू द्या."

भैय्याजींनी खिशावर हात ठेवला. "पहिले हार पडू द्या."

"कागदात काय लिहिलं आहे, इवाईबुवा?" देवाजीनं आपल्या होणाऱ्या व्याह्याला, टिकारामला विचारलं.

"दोघांचंही बरोबर आहे," टिकाराम म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय अभिमान. आपण लिहिलेलं कुठंच फुटत नाही, याचा.

वऱ्हाड घामानं निथळत होतं. भटजी दुसऱ्या लग्नाला उशीर होतो म्हणून पंचांग झटकत होते. अर्धा तास हे दोघं हार आणि किल्ली, किल्ली आणि हार करत राहिले. तेवढ्यात कवडूची माय, गिरजाबाई, जिला कोणी कधी कागद दाखवला नव्हता, ती म्हणाली, "किल्ली हारालेच बांधा नं. पोरगी हार टाकन, त्याच्यासंगं किल्लीही पडन."

देवाजीनं विचार केला. भैय्याजींनी विचार केला. लग्न आणि ताबा एकाच क्षणी, कोणाचीच मान खाली नाही. भैय्याजींनी किल्ली काढली, गिरजाबाईनं लाल दोऱ्यानं हाराला बांधली. सत्यवतीनं हार हातात घेतला. भटजींनी तोंड उघडलं.

आणि कवडू म्हणाला, "थांबा."

दीड महिना या माणसांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. आता त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, आणि तो चुकीचं काही बोलत नव्हता, हीच तर खरी पंचाईत.

"गळ्यात किल्ली म्हनजे ताबा नाही. ताबा म्हनजे कुलूप उघडलं पायजे. उद्या हे पलटले तर? तुमचा तिघांचाही मले भरोसा नाही. दोन्ही कागदांवर दुरुस्ती लिहा. आता लिहा. बाबा, पेन काढा."

टिकारामनं पेन इतक्या खुशीनं काढला, की पोरगं एकदाचं वळणावर आलं असं त्याला वाटलं असणार. देवाजीनं सांगितलं, 'हार पडताच' लिहा. भैय्याजी म्हणाले, 'पडल्यावर' लिहा. कवडू म्हणाला, किल्ली हरवल्यास काय, तेही लिहा. (होय. तोच म्हणाला.) चौघं चटईवर उकिडवे बसले, डोक्याला डोकी लावून. भटजींनी मुहूर्त टळल्याचं दोनदा सांगितलं, तेव्हा कवडूनं त्यांना मान वर न करता हातानंच गप्प केलं.

अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखले, त्यांनी तो खाली ठेवला. पलीकडे सत्यवती हार घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर नवरदेवाची पाठ होती.

"आई," ती म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "या लोकायच्या घरी पानी प्याचं म्हटलं तरी पहिले अर्ज लिहा लागन. मले नाही जमत."

तिनं हार चटईवर, कागदांच्या मधोमध ठेवला, मुंडावळ्या सोडल्या आणि आत गेली. देवाजी आत जाऊन आला आणि म्हणाला, पोरगी ऐकत नाही. आणि तसंही, आज अक्षय तृतीया आहे, उद्यापासून कागद रद्द. भैय्याजींनी दोरा तोडून किल्ली खिशात घातली.

सत्यवती पुढच्याच वर्षी बपेऱ्याच्या एका मास्तराला दिली. खोली चार लेकरांच्या बापानं, बाबुलालनं, पानठेल्यासाठी घेतली. कवडूचं लग्न गेलं, दुकान गेलं, आणि जुलैत तो बापाच्या बांधीत, गुडघाभर चिखलात, धानाच्या रोवणीला वाकला होता.