तीन डाव्या, तीन उजव्या

भिंगरीच्या गिटारच्या खुंट्या कामातून गेल्या होत्या. तार सुरात लावावी, अर्धं गाणं वाजवावं, तोवर खुंटी आपली हळूच मागे फिरलेली आणि तारेने मान टाकलेली. आणि आज दुपारी चारला शाळेच्या वाद्यवृंदाची निवड. गिटारची जागा एकच. त्या एका जागेसाठी भिंगरीने चार महिने बोटांची सालं काढून घेतली होती.

सकाळीच तिने सहा नव्या खुंट्यांचं पाकीट आणलं. जुन्या काढायच्या, नव्या बसवायच्या, स्क्रू पिळायचे. एकटीने केलं असतं तर तासाभराचं काम. पण बाबा सुतार. लाकडाला स्क्रूड्रायव्हर लागलेला त्यांना तीन खोल्यांपलीकडून ऐकू येतो.

"ठेव खाली! लाकडाचं काम आहे ते."

नेमका तेव्हाच मामा दारात चपला काढत होता. मामा घड्याळं दुरुस्त करतो. "ताई, तुझ्या नवऱ्याला सांग, खुंटीला दातेरी चाक असतं. चाकाचं काम आहे ते."

"तुझ्या भावाला सांग, चाक लाकडातच बसतं."

दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मामाने दुरुस्त केलेलं भिंतीवरचं घड्याळ बाबांनी ठोकलेल्या खिळ्यावरून पडलं होतं. खिळा वाकडा की घड्याळाची कडी कच्ची, याचा निकाल अजून लागायचा होता. तोवर आई दोघांचं टपालखातं सांभाळत होती.

शेवटी आईनेच वाटणी केली. गिटारची डावी बाजू बाबांची, उजवी मामाची. पाकीट टेबलावर उपडं केलं, सहाही खुंट्या घरंगळल्या आणि दोघांनी हाताला लागल्या त्या तीन-तीन उचलल्या.

"अहो थांबा!" भिंगरी ओरडली. "डाव्या वेगळ्या असतात, उजव्या वेगळ्या! चाक उलट्या बाजूला असतं!"

"आम्हाला शिकवतेस?" दोघं एका सुरात म्हणाले. दोन वर्षांत एवढ्या एकाच गोष्टीवर त्यांचं एकमत झालं.

मग काम सुरू झालं. बाबांनी भोकं अशी सरळ पाडली की बघत राहावं. मामाने डोळ्याला भिंग लावून स्क्रू न स्क्रू पारखला. मध्ये आई गिटारची मान धरून बसलेली.

"तुझ्या भावाला सांग, त्याचं कोपर माझ्या हद्दीत येतंय."

"तुझ्या नवऱ्याला सांग, भुसा माझ्या हद्दीत येतोय."

साडेतीनला दोघांनी आपापली बाजू डोळे भरून पाहिली. दुसऱ्याच्या बाजूकडे बघायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. भिंगरीने कशाबशा तारा ओवल्या आणि शाळेकडे धूम ठोकली.

"पाच मिनिटं आहेत," संगीताच्या बाई म्हणाल्या. "कर सुरू."

पहिली तार शहाण्यासारखी सुरात आली. दुसरी आवळायला गेली, तर ती सैल! कारण बाबांच्या तिनांत एक उजवी घुसली होती आणि मामाच्या तिनांत एक डावी. दोन्ही बाजूंना एकेक फितूर, आवळली की सैल, सोडली की घट्ट! त्यातली दुसरी कुठली हे ओळखायच्या नादात तीन मिनिटं गेली. पाचवी तार फार चढली म्हणून तिने घाईघाईने उतरवायला घेतली. ती आणखी चढली. आणखी फिरवली, आणखी चढली. टण्ण! तुटलेली तार सपकन गालावर बसली.

मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"अगं, गिटार वाजवणारेस की विहिरीतून पाणी काढतेयस?" बाई म्हणाल्या. "पुढचा ये."

"बाई, दोनच मिनिटं—"

"पुढचा!"

चार महिन्यांतला एक सूरही वाजला नाही.

घरी दोघं दाराच्या दोन बाजूंना उभे. "काय झालं?"

"नाही झालं." भिंगरीने गिटार टेबलावर ठेवली. "दोन खुंट्या उलट्या बसल्यात. बाबा, तुमच्याकडे एक. मामा, तुझ्याकडे एक."

बाबा वाकले. मामाने भिंग लावलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच दोघांनी दुसऱ्याची बाजू पाहिली.

"दाजी," मामा म्हणाला, "तुमची माझ्याकडे आलीय."

"आणि तुमची माझ्याकडे!" बाबा खो खो हसत सुटले. "पण बसवलीय काय फिट हो!"

"तुम्ही भोकं सरळ पाडलीत म्हणून!"

आई डोळे पुसत बाहेर आली. "बोलले गं बाई दोघं! तुझ्यामुळे बोलले!" आणि चहा टाकायला पळाली. मामा रात्री जेवूनच जाणार, हेही ठरलं. भिंगरीच्या गालावर लाल वळ उठला होता. तो बघायला कुणाला सवड नव्हती.

"बाबा, माझी निवड..."

"अगं, निवड काय, पुढच्या वर्षी असतेच की!"

"पुढच्या वर्षी मी शाळेत नसेन. दहावी आहे माझी."

"हो हो," म्हणत बाबांनी स्क्रूड्रायव्हर मामाच्या हातात दिला. "या मेहुणे, निवांत बसा. आता घाई कसली?"